घडविण्यापूर्वीची पारख
(दहिसर येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळापुढे एक सूचना आलेली आहे. शिक्षणनिधीतून यंत्रभागांची रचना व परीक्षा करणारी एक भारी किमतीची संगणकप्रणाली घ्यावी आणि ज्ञातीतील तरुणांस ती शिकवावी, अशी ती सूचना. मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे. सूचनेस मात्र माझा विरोध आहे. तो का, हे सांगण्यास मी उभा आहे.

घडविण्यापूर्वी पारखणे आपल्याला नवे नाही. ओतकामाआधी लाकडी नमुना करणे आणि लोखंडाचा रंग पाहून त्याची उष्णता ताडणे ही आपल्या वाडवडिलांची विद्या होती. संगणक वेगळ्या वाटेने तेच करतो. तो भागाचे चित्र हजारो लहान तुकड्यांच्या जाळीत विभागतो आणि भार दिला असता प्रत्येक तुकडा किती ताणला जाईल, किती सरकेल, याचे गणित मांडतो. पण धातू कोणता, भार किती व कोणत्या जागी, आणि भाग कोठे घट्ट धरलेला आहे, हे त्याला आपणच सांगावे लागते. येथे चूक झाली, तर दहा लाखांची प्रणालीही चुकीचेच उत्तर देते, आणि ते फार सुंदर रंगांत देते.

माझ्याच गाळ्यातील गोष्ट सांगतो. एका यंत्राच्या मोटारीसाठी आम्ही पोलादी आधारपट्टी केली. संगणकावर सर्वत्र हिरवा रंग आला, केवळ आतल्या काटकोनी कोपऱ्यात तांबडा ठिपका दिसला. जाळी बारीक केली तसा तेथील आकडा वाढतच गेला. अगदी टोकदार आतल्या कोपऱ्यात असे होतेच, तो आकडा खरा मानायचा नसतो, हे मला पुस्तकावरून ठाऊक होते. म्हणून मी ठिपक्याकडे दुर्लक्ष केले. तीन आठवड्यांत पट्टी नेमकी त्याच कोपऱ्यात तुटून परत आली. आकडा निरर्थक होता, पण जागा खरी होती! शिवाय आम्ही केवळ मोटारीचे वजन मोजले होते. तिचे अहोरात्र थरथरणे हिशेबात धरलेच नव्हते. पुढे कोपऱ्याला पाच मिलिमीटर त्रिज्येची गोलाई दिली, तेव्हा पट्टी टिकली. गिऱ्हाइकापुढे मान खाली घालावी लागली ती मात्र भरून आली नाही.

हे लहानांचेच होते असे नव्हे. नॉर्वेत २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइपनर नावाच्या तेलविहिरीच्या मंचाचा काँक्रीटचा प्रचंड पाया चाचणीच्या वेळी फुटून समुद्रात बुडाला. तेथे नामांकित प्रणाली वापरलेली होती. परंतु जाळी ओबडधोबड पडल्याने भिंतींवरील कर्तन-ताण ४७ टक्क्यांनी कमी मोजला गेला होता. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

आता निवडीचा प्रश्न. दहिसरच्या गाळ्यांतून काम करणाऱ्या आपल्या मुलांनी आधी गिऱ्हाइकाला विचारावे : तुम्हाला फाइल कोणत्या स्वरूपात हवी? बहुतेक ठिकाणी 'स्टेप' हे सर्वमान्य स्वरूप चालते. गिऱ्हाईक एखाद्या विशिष्ट प्रणालीचाच आग्रह धरीत असेल आणि काम नियमित मिळत असेल, तर सॉलिडवर्क्स किंवा तिच्या जातीची प्रणाली जरूर घ्यावी. त्या उत्तम आहेत. (विक्रोळीत, गोदरेज समूहातून निघालेल्या जॉमेट्रिक कंपनीने सॉलिडवर्क्ससाठी काम केलेले आहे, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक असेल?) पण परवान्याचे पैसे बहुधा दरवर्षी भरावे लागतात, आणि ते थांबले की आपलीच रेखाटने आपल्याला उघडता येत नाहीत. चोरीची प्रत वापरण्याविषयी मी अधिक बोलत नाही. ज्यांना नोटिसा आल्या आहेत त्यांनी मला एकांतात भेटावे.

शिकण्यासाठी फ्रीकॅड पुरेसे आहे. ते विनामूल्य असून धंद्यासाठीही वापरण्यास मोकळे आहे. २००२ पासून वाढत आलेल्या या प्रणालीची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाली, आणि कॅल्क्युलिक्स या गणकाच्या साह्याने तीत ताणाची परीक्षाही होते. ती थोडी हट्टी आहे, मधूनच रुसते, हे मान्य. पण मुलाला आधी कागदावर उत्तर काढता आले पाहिजे. एका टोकाला धरलेल्या पट्टीची जाडी दुप्पट केली की ती एक-अष्टमांशच वाकते, हे ज्याला माहीत आहे, त्याला संगणकाने निम्मे वाकणे दाखविले तर ताबडतोब संशय येईल. ज्याला माहीत नाही, तो तेच छापून गिऱ्हाइकाला देईल.

म्हणून माझी उपसूचना अशी आहे : प्रणालीसाठी ठेवलेल्या पैशातून दोन साधे संगणक, मापनाची चांगली साधने आणि तोडून पाहण्यासाठी पोलादाच्या पट्ट्या घ्याव्यात. मुलांनी पट्टीचे वाकणे आधी कागदावर काढावे, मग संगणकावर, मग वजन टांगून मोजावे. तीन आकडे जुळेपर्यंत पुढचा पाठ नाही. जागेची अडचण असल्यास माझा गाळा दर रविवारी सकाळी आठपासून उघडा राहील; ती तुटलेली पट्टी तेथे भिंतीवर टांगलेली आहे.