वेम्बलीचा ठेवा आणि आपली कागदपत्रे

(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपण वेम्बलीत राहतो. परंतु वेम्बलीचा इतिहास कोठे जतन केला आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ब्रेंट बरोचा स्थानिक इतिहास संग्रह विल्सडन ग्रीनच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. १९२४-२५ साली वेम्बलीत भरलेल्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनाच्या मार्गदर्शिका, पोस्टकार्डे, छायाचित्रे तेथे पाहावयास मिळतात. त्या प्रदर्शनात हिंदुस्थानचाही भव्य मंडप होता. साम्राज्य लयास गेले, मंडप राहिला नाही. कागद मात्र उरला. वेम्बली हिस्ट्री सोसायटीच्या हौशी सभासदांनी जमविलेला संग्रहही तेथेच आहे.

२०१६ साली याच ग्रंथालयात ग्रनविक संपाचे प्रदर्शन भरले होते. १९७६ ते १९७८ अशी दोन वर्षे जयाबेन देसाई व त्यांच्या सहकारी कामगार भगिनी साड्या नेसून थंडीवाऱ्यात कारखान्याच्या फाटकापुढे उभ्या राहिल्या. संप अयशस्वी झाला. परंतु त्यांचा इतिहास पुसला गेला नाही, कारण कोणीतरी पत्रके आणि छायाचित्रे जपून ठेवली होती.

परमपूज्य बाबासाहेबांना कागदाचे मोल पुरेपूर ठाऊक होते. १९१७ साली स्वदेशी परतताना त्यांचे ग्रंथांचे सामान असलेली बोट पाणबुडीने बुडविली. १९२० साली ते लंडनला परत आले आणि ब्रिटिश म्युझियम, इंडिया ऑफिस येथील ग्रंथालयांत बसून त्यांनी जुने अहवाल चाळले. ते अहवाल कोणी जपले नसते, तर रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध कशाच्या आधारे सिद्ध झाला असता?

आता माझा अपराध सांगतो. घर बदलताना मी आमच्या आरंभीच्या जयंत्यांची निमंत्रणपत्रे आणि हिशेबाची वही रद्दीत टाकली. पहिल्या जयंतीला सभागृहाचे भाडे कोणी कोणी वर्गणी देऊन भरले, हे माझ्या नातीने विचारले तेव्हा मला चारच नावे आठवली.

म्हणून विनंती आहे. घरातील जुन्या छायाचित्रांमागे पेन्सिलीने नावे, स्थळ, तारीख लिहा. पत्रके, ठराववह्या, स्मरणिका एकत्र करा आणि त्या स्वीकाराव्यात म्हणून आपण ग्रंथालयाकडे रीतसर विचारणा करू. ज्यांचा इतिहास शतकानुशतके इतरांनी लिहिला, त्यांनी आपला कागद आपल्याच हाताने रद्दीत टाकू नये.

जय भीम!