गाजर, यीस्ट आणि डावे-उजवे रेणु



डहाणू व तलासरी या तालुक्यांत ताडाचें झाड कोणास दाखवावें लागत नाहीं. पहांटे उतरलेला त्याचा रस गोड असतो. ऊन चढूं लागलें कीं तोच आंबून ताडी होते. हें काम यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव करतात. त्यांच्या अंगीं असलेल्या रासायनिक कारागिरांस एन्झाइम म्हणतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत या कारागिरांची ओळख कशी करून द्यावी, याविषयीं आज बोलावयाचें आहे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतच. पण जन्मभर मुलें शिकविल्यामुळें, कोणती गोष्ट त्यांच्या मनांत उतरते आणि कोणती नुसतीच वहींत उतरते, एवढें मला कळतें.

डाव्या हाताचा मोजा उजव्या हातांत बसत नाहीं. हात सारखेच, तरी एक दुसऱ्याचें आरशांतील प्रतिबिंब. कित्येक सेंद्रिय पदार्थांचे रेणु असेच डावे-उजवे असतात. लुई पाश्चरनें १८४८ सालीं असे दोन प्रकारचे स्फटिक चिमट्यानें निवडून वेगळे केले. पुढें सुमारें दहा वर्षांनीं त्यास आढळलें कीं, सूक्ष्म जीव त्यांतील एकच प्रकार खाऊन टाकतात व दुसरा तसाच ठेवतात.

हा भेद केवळ पंडितांच्या कौतुकाचा नव्हे. क्षयावरील ईथॅम्ब्युटॉल हें औषध घ्या. त्याचें एक रूप क्षयजंतूंस आवरतें. आरशांतील रूप त्या कामीं जवळजवळ निरुपयोगी, पण डोळ्यांस अपाय करण्यांत मात्र मागें नाहीं. गोळी घेणाऱ्यास हें ठाऊक नसलें तरी चालेल. ती बनविणाऱ्यास ठाऊक असलेंच पाहिजे. आणि तो बनविणारा उद्यां तलासरीच्या गोदावरी परुळेकर महाविद्यालयांतून निघालेला एखादा आदिवासी मुलगा कां नसावा?

आतां प्रयोग. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेंतील यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलें कीं, पाण्यांत गाजराचे तुकडे टाकून त्यांत ॲसिटोफेनोनसारखें कीटोन घातलें, तर एक-दोन दिवसांत त्याचें अल्कोहोल होतें, आणि तें बहुतेक एकाच हाताचें. सोडियम बोरोहायड्राइड हेंच काम थोड्या वेळांत उरकतें. पण त्यास डावें-उजवें कळत नाहीं, दोन्ही रूपें समसमान निघतात.

माझ्या मतें हे दोन्ही प्रयोग शेजारीं-शेजारीं झाले पाहिजेत. पोलॅरिमीटरच्या नळींतून पाहिलें असतां बोरोहायड्राइडचा माल ध्रुवित प्रकाशाचें प्रतल मुळींच हलवीत नाहीं; गाजराचा माल तें डावीकडे वळवितो. नुसतें गाजर चिरून 'प्रयोग झाला' असें लिहिणें म्हणजे स्वयंपाक, आणि तोही न चाखलेला!

येथें एक अडचण येते, आणि खरें शिक्षण तिच्यांतच आहे. पुष्कळदां वळण अपेक्षेपेक्षां कमी भरतें. विद्यार्थी म्हणतो, एन्झाइमची निवड चुकली. पण मूळचें कीटोन शिल्लक राहिलें असेल तरीहि वळण कमीच दिसणार, कारण कीटोन स्वतः प्रकाश वळवीत नाहीं. तेव्हां आधीं माल शुद्ध करावा, कीटोन किती उरलें तें तपासावें, मग कारागिरावर ठपका ठेवावा. परीक्षकांनीं गुण द्यावयाचे ते आंकड्यास न देतां या तर्कास द्यावे.

पोलॅरिमीटर स्वस्त नाहीं, हें खरें. पण ध्रुवण-पत्र्याचे दोन तुकडे, कांचेची नळी व दिवा एवढ्यावरहि साखरेच्या दाट पाकाचें वळण पाहतां येतें. गाजराचा माल थोडा. त्यास चांगलेंच उपकरण हवें, तें दोन-तीन महाविद्यालयांनीं मिळून घ्यावें. आणि एक तिसरी बाटली अवश्य ठेवावी: तींत गाजर उकडून घालावें. उकडल्यानें एन्झाइम निकामी होतें, आणि कीटोन जसेंच्या तसें राहतें.