मुक्याची साक्ष
(महोत्सव समारंभात केलेले भाषण)



अपंगांवर हात टाकणाऱ्यास कडक शासन व्हावे, या विषयावर आम्ही बोलावे अशी आज्ञा झाली. आम्ही मास्तर माणूस. छडी आम्हीही उगारली आहे. तरी बोलतो.

1995 च्या अपंग कायद्यात अपंगाला मारणाऱ्यासाठी वेगळी शिक्षाच नव्हती. शिक्षा होती ती अपंगांच्या सवलती लबाडीने लाटणाऱ्याला! 2016 चा कायदा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. त्याच्या 92 व्या कलमान्वये अपंगाचा चारचौघांत मुद्दाम पाणउतारा करणे, बेअब्रू करण्याच्या हेतूने त्याच्यावर हात टाकणे, त्याची कुबडी मोडणे, यांस सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद व दंड आहे.

कायदा कडक झाला, पण आम्ही? 2018 साली अनगोळात आमच्या गल्लीतील एका मुक्या-बहिऱ्या पोराला पाकीट चोरल्याच्या संशयावरून चौघांनी मारले. पोरगा हातवारे करून सांगत होता. त्यांना ती थट्टा वाटली. पाकीट मागाहून मालकाच्याच घरी सापडले. जुम्याच्या नमाजानंतर जाणती मंडळी बसली, त्यांत आम्हीही होतो. ‘मुक्याची साक्ष कोर्ट कशी घेणार, मास्तर?’ असे एकाने विचारले, आणि पदवीधर असूनही आम्ही मान डोलावली. औषधपाण्याचे पैसे देऊन प्रकरण मिटविले. पोराची आई एवढेच म्हणाली, ‘सर, तुम्ही सांगाल तसं.’ तिला आम्ही चुकीचे सांगितले.

मुक्याने लिहून वा खुणांनी दिलेली साक्ष तोंडीच समजावी, हे साक्षीच्या जुन्या कायद्यातही होते. 2013 पासून दुभाष्याची मदत व चित्रीकरण आले. 2023 च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. आंध्रातील एका अंध स्त्रीने अत्याचार करणाऱ्यास आवाजावरून ओळखले. अपंगाची साक्ष दुबळी मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2021 रोजी त्या खटल्यात बजावले.

संस्थांनीही गाफील राहू नये. पनवेलजवळ कळंबोली येथील गतिमंद मुलींच्या आश्रमात अत्याचार झाले, आणि 2013 साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने आश्रमाच्या संचालकासच दोषी ठरविले. बाहेरच्यांची नजर हवी ती यासाठी. 2016 च्या कायद्याच्या 7 व्या कलमाप्रमाणे कोणीही व्यक्ती वा नोंदणीकृत संस्था अशी खबर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांस देऊ शकते. आपला ट्रस्ट नोंदणीकृत आहे. अर्जाचा मसुदा कचेरीत तयार असावा. लिहून देण्यास आम्ही तयार आहो.

तो पोरगा आता आम्हांला खुणांची भाषा शिकवतो. ‘पाणी’ आणि ‘पाकीट’ यांत आमचा अजून घोटाळा होतो, आणि तो पोट धरून हसतो.