मंत्रचळ आणि संसार

(डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई येथे शब्बाथ सुटल्यावर भरलेल्या घरगुती मेळाव्यातील भाषण)



मी डिप्लोमा झालेली परिचारिका. सारी नोकरी मुंबईच्या वॉर्डात गेली. निवृत्तीनंतर लेकीकडे, इथे डिस्कव्हरी गार्डन्सला, येऊन-जाऊन असते. आज ज्या जोडप्याविषयी बोलणार आहे, त्या दोघांनी मला तशी परवानगी दिली आहे. नावे विचारू नका, अंदाजही बांधू नका.

दोघे आपल्यातलेच. घर एका खोलीचे, त्यामुळे एकमेकांपासून काही लपत नाही. नवरा निजण्यापूर्वी शेमा म्हणायचा. एखाद्या शब्दावर लक्ष उडाले असे वाटले की पुन्हा पहिल्यापासून. मग बायकोला विचारायचा, "मी नीट म्हटलं ना?" ती "हो" म्हणायची. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. असे करता करता मध्यरात्र उलटायची.

स्वयंपाकघरात नारळाच्या दुधाने घात केला. मांसाला दूध चालत नाही, म्हणून आपल्या आज्या-पणज्या मटणात नारळाचे दूध घालीत आल्या. इथे नारळ खवतो कोण? डबा, नाहीतर पावडर. आणि काही पावडरींत केसिनेट, म्हणजे जनावराच्या दुधाचा अंश, खरोखर असतो. तेव्हा लेबल एकदा वाचणे हा शहाणपणाच आहे. पण हा गृहस्थ तोच डबा तिला पाच-सहा वेळा वाचून दाखवायला लावी आणि शेवटी शिजलेले भांडे ओतून टाकी.

एका रात्री ती माझ्याकडे रडत आली. "मावशी, मी ठाण्याला माहेरी जाते." मी तिला काय सांगितले? "अगं, विचारतोय तर हो म्हणून टाक. तेवढीच शांतता." आयुष्यभर रुग्ण सांभाळलेल्या बाईचा हा सल्ला साफ चुकीचा होता.

आपल्या जुन्या माणसांकडे याला शब्द होता, मंत्रचळ. डॉक्टर ओसीडी म्हणतात. नको ती शंका येते, भीती चढते, ती उतरवायला माणूस काहीतरी कृती करतो. क्षणभर बरे वाटते, आणि त्या बरे वाटण्यामुळेच पुढची शंका अधिक जोरात येते. बायकोचा "हो" हीही तशीच कृती, फक्त तिच्या तोंडून झालेली. धार्मिक माणसाला हा आजार श्रद्धेच्या ठिकाणीच पकडतो. म्हणून घरच्यांना ती भक्ती वाटते, नाहीतर ढोंग.

१९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवरील उपचार प्रसिद्ध केला. भीतीला सामोरे जायचे, कृती मात्र करायची नाही. पुढे अमेरिकेत जोनाथन अब्रामोविट्झ व डोनाल्ड बॉकम यांनी याच उपचारात नवरा-बायकोला एकत्र बसवले. २०१३ मध्ये त्यांचे त्यावरचे लेखन आले. सोबत औषधेही देतात, पण त्यांचा गुण यायला कित्येक आठवडे लागतात.

ही दोघे इथल्याच एका समुपदेशक बाईंकडे गेली. बाई आपल्या धर्माच्या नव्हेत. तरी त्यांनी निषिद्ध काही खा असे सांगितले नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुष्कळांना तीच धास्ती असते. त्या म्हणाल्या, धर्माचा नियम तुमच्या हझानांना विचारा, पण एकदाच. दुसऱ्याला विचारायचे नाही. हझानांनी फोनवर सांगितले, शेमा एकदाच म्हणायचा, लक्ष उडाले तरी पुढे जायचे.

बायकोला एक वाक्य दिले, तेही नवऱ्याच्या संमतीने ठरवून: "तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय. पण याचं उत्तर मी देणार नाही." हे रागाने म्हणायचे नाही. पहिल्या रात्री तो घामाने भिजला होता. तिला आपण दुष्ट आहोत असे वाटले, आणि ती खाली बागेत जाऊन बसली. सुमारे तासाभराने भीती आपोआप उतरली. त्याला याचेच नवल वाटले. सोप्या शंकांपासून सुरुवात केली होती. मटणाची पाळी फार पुढे आली.

तिचा राग वेगळाच होता. इतक्या वर्षांत नवरा तिच्याशी दुसरे काही बोललाच नव्हता. त्यासाठीही बाईंनी वेळ ठेवला. संध्याकाळी अर्धा तास फिरायला जायचे आणि शंकेचा विषय काढायचा नाही. पहिल्या आठवड्यात दोघांना बोलायला काही सुचेना, असे ती हसून सांगते.

पेसाहच्या साफसफाईत आजाराने पुन्हा डोके वर काढले. दोघे परत बाईंकडे गेली आणि अजून जातात. मटण आता ओतून टाकले जात नाही. लेबल तो एकदाच वाचतो, कधी कधी दोनदा.