ओटीजी, सोल्डर पेस्ट आणि बंद न होणारा रिले

आज विषय थेट भट्टीचा. सर्किट बोर्डवरचे बारीक पार्ट बसवायला घरच्या घरी रिफ्लो ओव्हन कसा करायचा, आणि तो करताना घर कसं पेटवायचं नाही.

आधी विचाराल, सोल्डरिंग आयर्नने होत नाही का? होतं की, पाय बाहेर दिसत असतील तोवर. पण क्यूएफएन चिपचे पॅड पोटाखाली असतात, तिथे आयर्नचं टोक पोचतच नाही. मग पॅडवर पेस्ट लावायची, वर चिप ठेवायची आणि अख्खा बोर्ड तापवायचा.

मला असे दहा बोर्ड हवे होते. आमची शेती जुन्नर तालुक्यात. थ्री फेज लाइट पुष्कळदा रात्रीची, आणि बिबट्याचा भाग. ऑटो स्टार्टर आहे, पण मोटर खरंच सुरू झाली का, पाणी आलं का, हे बघायला बाबा बॅटरी घेऊन विहिरीवर जातात. ते फोनवर कळवणारा बोर्ड मी बनवतोय, आमच्यासाठी आणि शेजारच्या काही जणांसाठी.

तर सामान: एक ओटीजी, सॉलिड स्टेट रिले, के-टाइप थर्मोकपल, तो वाचायला मॅक्स ३१८५५ चिप आणि ईएसपी ३२. थर्मोकपल हवेत लोंबकळत ठेवू नका. एका भंगार बोर्डवर कॅप्टन टेपने चिकटवा. आपल्याला हवा नाही, बोर्ड किती तापलाय ते मोजायचंय.

शिशाची ६३/३७ पेस्ट १८३ अंशांना वितळते, बिनशिशाची सॅक ३०५ साधारण २१७ ते २२०ला. घरच्या ओटीजीला पहिली झेपते. दीडशेपर्यंत सेकंदाला एक-दोन अंशांनी चढायचं, मग दीड-एक मिनिट १५० ते १८० मध्ये रेंगाळायचं, म्हणजे फ्लक्स आपलं काम करतो आणि लहान-मोठे पार्ट सारखे तापतात. मग २१०-२१५ पर्यंत झटकन वर, आणि १८३ च्या वर मिनिटभरच.

कोडवाल्यांनो, पीआयडीच्या नादी फार लागू नका. ओव्हन तापवता येतो, गार करता येत नाही, आणि हीटर बंद केला तरी रॉड तापलेलाच असतो. म्हणून शिखराच्या थोडं आधीच बंद करायचा. किती आधी? रिकामा ओव्हन दोन-तीनदा चालवा, आलेख स्वतःच सांगतो. ताकद कमी करायची तर एका सेकंदातले ४०० मिलिसेकंद चालू, बाकी बंद. बास.

आता नीट ऐका. सॉलिड स्टेट रिले बिघडला की बहुतेकदा 'चालू' अवस्थेतच अडकतो. तुमचा कोड 'बंद कर' म्हणतोय आणि आत १४०० वॅट सुरूच. सर्व्हर हँग झाला तर आपण रीस्टार्ट करतो. इथे किचनमध्ये धूर निघतो. म्हणून ओटीजीचा मूळ थर्मोस्टॅट काढून टाकू नका, २५० वर ठेवून सिरीजमध्येच राहू द्या. वेगळा थर्मल फ्यूज घाला. कोडमध्ये वॉचडॉग हवा, आणि थर्मोकपल तुटल्याचं कळलं की हीटर बंद. १४०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर सहा अँपिअर. रिलेला हीटसिंक लागतोच. बॉडीला अर्थिंग द्या. वायरिंगची सवय नसेल तर ओळखीचा इलेक्ट्रिशियन शेजारी बसवा, लाजायचं काय त्यात?

आणि हा ओटीजी किचनमधून कायमचा बाद. "एकदाच केक करू" असं कोणी म्हणालं तरी नाही, शिसं आहे आत. आईला आधीच सांगून टाका. पेस्ट फ्रिजमध्ये ठेवायची असते, तीही वेगळ्या घट्ट डब्यात. वापरण्याआधी डबी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर पाणी धरते. खिडकी उघडी, काम झालं की हात साबणाने.

पेस्ट चकाकली की हीटर बंद, दार हळूहळू उघडा आणि बोर्डला धक्का लावू नका. १८३ च्या खाली येईपर्यंत सोल्डर द्रवच असतं. माझे पहिले चार बोर्ड झालेत, सहा बाकी आहेत. पुढच्या भागात कोड दाखवतो.