व्होल्टेज उतरले की स्टॅबिलायझर काय करतो?

"साहेब, व्होल्टेज पडतं, मोटर जळते. स्टॅबिलायझर घेऊ का?" असे बरेच जण विचारतात. घेण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते बघू.

आधी घरातला डबा घ्या. आत लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेचे वेढे असतात. हिशेब सोपा म्हणून वेढ्यामागे एक व्होल्ट धरा. घरात 230 व्होल्ट हवेत, लाइनला 184 च आहेत. मग लाइन 184 वेढ्यांना जोडायची आणि घरची वायर 230 व्या वेढ्यावरून काढायची, झाले 230. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तने करते म्हणून हे जमते, बॅटरीच्या विजेवर जमणार नाही. जोड बदलण्याचे काम रिले करतो. 'खट्' आवाज येतो तो त्याचाच. सर्व्हो जातीच्या यंत्रात छोटी मोटर कार्बनचा ब्रश वेढ्यांवरून सरकवते.

पण हा डबा वीज तयार करत नाही, बरं का! घराला 230 व्होल्टने 8 अँपिअर द्यायचे, तर लाइनमधून 184 व्होल्टने 10 अँपिअर ओढावे लागतात. वर तो स्वतः गरम होतो, ते वेगळेच.

पंपाचेही असेच आहे. पाणी तेवढेच उचलायचे, व्होल्ट मात्र कमी. म्हणून मोटर अँपिअर जास्त खाते. अँपिअर सव्वापट झाले की वायंडिंगमधली उष्णता दीडपटीच्या वर जाते, आणि मग रिवाइंडिंगचा खर्च! थ्री-फेज स्टॅबिलायझर लावला तर तुमची मोटर वाचेल, पण डीपीवरचा भार काही हलका होणार नाही. शिवाय एक फेज गेला, तर तो परत आणणे त्याला जमत नाही.

भार हलका करतो तो कपॅसिटर. मोटरीला चुंबकत्वासाठी लागणारा करंट तो जागेवरच पुरवतो, तेवढा तारांतला करंट घटतो आणि व्होल्टेज थोडे चढते. 5 एचपीला साधारण 2 केव्हीएआरचा लागतो. एकट्याने बसवून फारसे दिसणार नाही, डीपीवरच्या सगळ्यांनी बसवायला हवा. आणि तो ऑटो स्विच काढा हो! लाइट आली की सगळ्या मोटरी एकदम उठतात, सुरू होताना प्रत्येक मोटर पाच-सहा पट करंट ओढते, अन् डीपी बसतो. पाळी लावून मोटरी सुरू करा.

जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. मेन स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज साठून राहते, लगेच हात लावू नका.