जेरुसलेम: कायद्यात आणि प्रत्यक्षात

ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांनाही पवित्र असलेलं जेरुसलेम कुणाचं? १९८० मध्ये इस्राएलच्या संसदेनं, म्हणजे क्नेसेटनं, अखंड जेरुसलेम हीच आपली राजधानी असा मूलभूत कायदा केला. सुरक्षा परिषदेनं महिनाभरातच तो अमान्य ठरवला. १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं दूतावास तेल अवीवहून तिथे हलवण्याचा कायदा केला. सिनेटमध्ये बाजूनं ९३ मतं, विरोधात फक्त ५! पण त्यात पळवाट होती. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन अध्यक्षांनी सही केली, की सहा महिने सवलत. क्लिंटन, बुश, ओबामा सह्या करतच राहिले. अखेर दूतावास हलला १४ मे २०१८ रोजी. पूर्व जेरुसलेमला भावी राजधानी मानणाऱ्या पॅलेस्टिनींना मात्र या दोन्ही कायद्यांत कुणी विचारलं नाही, आणि हा अन्यायच आहे.